नॉन-लीग मैदानावरची मंगळवारची संध्याकाळ : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

लंडन परिसरात नव्याने राहायला आलेल्या मराठी माणसाला फुटबॉल म्हटले की आर्सेनल, चेल्सी, टॉटनहॅम हीच नावे आठवतात, आणि त्या सामन्यांच्या तिकिटांची किंमत व ती मिळवण्यासाठीची खटपट पाहिली की पहिल्या महिन्यातच मैदानावर जाण्याचा विचार मागे पडतो. आपल्या घरापासून दोन-चार स्टेशनांवर एखादे छोटे मैदान असते, तेथे मंगळवारी रात्री पावणेआठला सामना असतो, दारावर पैसे देऊन आत जाता येते आणि खेळाडूंपासून दोन हातांवर उभे राहून फुटबॉल पाहता येतो, ही गोष्ट बहुतेकांना कोणी सांगतच नाही. मला ती समजायला तीन वर्षे लागली. ती तीन वर्षे इतरांची वाया जाऊ नयेत म्हणून, घरातून निघण्यापूर्वीच्या तयारीपासून परतीच्या गाडीपर्यंत काय काय करावे हे येथे क्रमाने लिहिले आहे.

नॉन-लीग म्हणजे नेमके काय

इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगचे २० आणि तिच्याखालच्या तीन विभागांचे ७२ असे एकूण ९२ क्लब पहिल्या चार पातळ्यांवर खेळतात. त्यांच्याखाली जे काही आहे त्या सगळ्याला नॉन-लीग म्हणतात. नावावरून तेथे लीगच नसावी असे वाटते, पण तसे नाही. पहिल्या चार पातळ्यांच्या जुन्या 'फुटबॉल लीग'च्या बाहेरचे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आहे. पाचव्या पातळीवर नॅशनल लीग, सहाव्या पातळीवर तिचे उत्तर आणि दक्षिण विभाग, सातव्या पातळीवर प्रदेशांनुसार चार विभाग आणि त्याखाली फांद्या फुटत जाव्यात तशा आणखी लीगा आहेत. वर जाण्याची आणि खाली येण्याची वाट सर्वांना खुली असल्यामुळे एप्रिलमधला एखादा साधा सामनाही एका गावाच्या पुढच्या वर्षाचा निर्णय करणारा ठरतो. स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स या छोट्या क्लबाकडून खेळणारा जेमी वार्डी याच शिडीने वर चढला आणि २०१६ साली लेस्टर सिटीबरोबर प्रीमियर लीगचा विजेता झाला.

सातव्या-आठव्या पातळीवरचे बहुतेक खेळाडू दिवसा दुसरी नोकरी करतात. आठवड्यातले सामने दुपारी न होता रात्री होतात त्याचे हे एक साधे कारण आहे. उजव्या बगलेवरून धावणारा मुलगा दुपारी चारपर्यंत एखाद्या इमारतीत वायरिंग करत होता आणि तेथून सरळ मैदानावर आला आहे, हे लक्षात ठेवून खेळ पाहिला तर सत्तराव्या मिनिटाची त्याची धाव वेगळी दिसते.

मैदान निवडताना

पहिल्या खेपेला स्टेशनजवळचे आणि बऱ्यापैकी गर्दी असलेले मैदान निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. साठ-सत्तर प्रेक्षकांच्या मैदानात नवख्या माणसाला उगाच अवघडल्यासारखे होते. दक्षिण लंडनमधल्या डलिच हॅमलेट या क्लबाचे चॅम्पियन हिल हे मैदान सुरुवातीसाठी मला सर्वांत योग्य वाटते. लंडन ब्रिजहून लोकल गाडी पकडून ईस्ट डलिच स्टेशनला उतरावे, की मैदान अगदी जवळ आहे. वायव्येकडे राहणाऱ्यांसाठी हॅरो बरोचे अर्ल्समीड, उत्तरेकडच्यांसाठी एन्फिल्ड टाउनचे मैदान आणि लंडनच्या पश्चिमेकडच्या स्लाउ (Slough) भागातल्या मंडळींसाठी २०१६ साली सुरू झालेले आर्बर पार्क हे पर्याय आहेत. एन्फिल्ड टाउनची एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आपल्या जुन्या क्लबाचा कारभार पटेनासा झाला तेव्हा तेथील पाठीराख्यांनी २००१ साली बाहेर पडून स्वतःच्या मालकीचा हा क्लब उभा केला.

डलिच हॅमलेटची स्थापना १८९३ सालची आहे आणि गुलाबी व निळा हे त्याचे रंग आहेत. मैदानाकडे नेणाऱ्या रस्त्याला एडगर केल या खेळाडूचे नाव दिलेले आहे. केल हा हौशी खेळाडू होता, मोठ्या क्लबांकडे तो गेला नाही, आणि डलिचकडून खेळत असतानाच १९२९ साली तो इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातून तीन सामने खेळला. अलीकडे, मार्च २०१८ मध्ये, जमिनीच्या मालकाशी झालेल्या वादात क्लबाला हे मैदान सोडावे लागले होते. मधले काही महिने शेजारच्या क्लबाच्या मैदानावर खेळून संघ त्याच वर्षीच्या नाताळात परत आला. दारावर पैसे गोळा करणारे, पताका बांधणारे, चहा देणारे लोक त्या महिन्यांत पांगले नाहीत म्हणूनच आज आपल्याला तेथे जाता येते.

भारतीय वाचकाला या छोट्या मैदानांशी जोडणारा एक धागाही आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमधले फुटबॉलचे अनेक सामने अशाच क्लबांच्या मैदानांवर झाले. चॅम्पियन हिलवर दक्षिण कोरियाने मेक्सिकोला हरवले, आणि पूर्वेकडील इलफर्ड क्लबाच्या लिन रोड मैदानावर ३१ जुलै रोजी स्वतंत्र भारताचा संघ फ्रान्सविरुद्ध उतरला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले, दोन पेनल्टी वाया गेल्या आणि शेवटच्या मिनिटांत झालेल्या गोलाने भारत २-१ असा हरला. लिन रोडचे ते मैदान आता राहिलेले नाही, तेथे घरे झाली आहेत. पण स्वतंत्र भारताच्या ऑलिंपिक फुटबॉलची सुरुवात लंडनच्या एका नॉन-लीग मैदानावर झाली, हे ठाऊक असले की कठड्याला टेकून उभे राहताना परकेपणा थोडा कमी होतो.

सामन्याच्या दिवशी आधी काय पाहावे

आठवड्यातले सामने बहुधा मंगळवारी रात्री ७.४५ ला सुरू होतात. काही क्लब सोमवारी किंवा बुधवारी खेळतात. लीगच्या पत्रकात तारीख दिसली म्हणजे सामना होणारच असे मात्र मुळीच धरू नये, कारण कपच्या, म्हणजे लीगबाहेरच्या बाद पद्धतीच्या स्पर्धांच्या, सामन्यांमुळे तारखा पुढे-मागे होतात आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पाऊस व गोठलेली जमीन यांमुळे सामने रद्द होतात. मैदान खेळण्याजोगे आहे की नाही हे पंच प्रत्यक्ष पाहून ठरवतात. ही पाहणी कधी दुपारी होते, तर कधी सामन्याला तासभर उरला असताना होते.

माझ्या दुसऱ्याच खेपेला मी हे न पाहता निघालो होतो. दोन गाड्या बदलून आणि वीस मिनिटे चालून एका मैदानापाशी पोहोचलो तेव्हा दाराला साखळी लावलेली होती आणि आत एक गृहस्थ गोलच्या चौकटीसमोर साचलेल्या पाण्यात खराटा फिरवत उभे होते. त्यांनी मला पाहून हात हलवला आणि "शनिवारी या," एवढेच म्हणाले. त्या दिवसापासून मी घरातून निघण्यापूर्वी आणि पहिली गाडी बदलताना असे दोनदा क्लबाचे समाजमाध्यमावरचे खाते उघडून पाहतो. सामना रद्द झाला तर बातमी सर्वांत आधी तेथेच येते, संकेतस्थळावर ती उशिरा पोहोचते. ज्या मैदानांवर कृत्रिम गवत आहे तेथे पावसाने सामना रद्द होण्याची शक्यता बरीच कमी असते. आर्बर पार्क त्यांपैकी आहे, म्हणून डिसेंबरमध्ये पहिल्यांदा जायचे असेल तर असे मैदान निवडणे शहाणपणाचे.

कपडे आणि पैसे

थंडीचा अंदाज नवख्यांचा हमखास चुकतो. रस्त्यावर चालताना पुरेसा वाटलेला कोट काँक्रीटच्या पायरीवर दोन तास उभे राहिल्यावर पुरत नाही, कारण थंडी खालून, तळव्यांतून चढते. जाड तळव्याचे बूट, लोकरी मोजे, कानटोपी आणि आतून एक जादा स्वेटर एवढे ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत लागतेच. छत्री नेऊ नये, मागच्याला दिसत नाही. टोपी असलेले रेनकोटासारखे जाकीट चांगले. ऑगस्टमधल्या सामन्यांना पूर्वार्ध उन्हातच होतो, तेव्हा यातले काही लागत नाही.

सातव्या पातळीवर प्रवेशाला साधारण बारा ते पंधरा पौंड आणि त्याखालच्या पातळ्यांवर त्याहून कमी पैसे पडतात. विद्यार्थी आणि ज्येष्ठ यांना सवलत असते, आणि लहान मुलांना अनेक क्लब मोफत किंवा अगदी नाममात्र दरात आत सोडतात. हल्ली बहुतेक ठिकाणी कार्ड चालते, तरी खिशात दहा-वीस पौंडांची रोख आणि सुटी नाणी असावीत. खालच्या पातळीवरच्या क्लबांत यंत्र बंद पडलेले असते, किंवा सोडतीचे तिकीट विकणाऱ्याकडे ते नसतेच.

दारातून आत

किक-ऑफच्या निदान अर्धा-पाऊण तास आधी पोहोचावे. दार म्हणजे बहुधा एक अरुंद फिरते लोखंडी फाटक आणि त्यामागे खिडकीत बसलेली एक व्यक्ती. आगाऊ तिकीट काढलेले नसले तरी अडचण नाही. "वन अ‍ॅडल्ट, प्लीज" एवढे म्हणावे, पैसे द्यावेत, कंबर फाटकाला लावून ढकलावे. पहिल्यांदाच आलो आहे असे तेथे सांगून टाकावे, असा माझा आग्रह आहे. ही माणसे बहुतेक विनावेतन काम करणारी असतात आणि नव्या माणसाला चहा कुठे, स्वच्छतागृह कुठे, पाऊस आला तर कोणत्या छपराखाली जावे, हे सगळे ती आपुलकीने सांगतात.

आत शिरताच सामन्याची पुस्तिका विकणारा उभा असतो. किंमत दोन-तीन पौंड असते. काही क्लबांनी छापील पुस्तिका बंद करून ती संकेतस्थळावर ठेवली आहे, पण छापील मिळाली तर जरूर घ्यावी. पाहुण्या संघाची माहिती, लीगचा तक्ता, क्लबाच्या जुन्या खेळाडूंवरचे लेख हे सगळे त्यात असते आणि सामना सुरू होण्यापूर्वीचा अर्धा तास त्यात चांगला जातो. दोन्ही संघांची नावे क्लबहाउसच्या भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलेली किंवा कागदावर डकवलेली आढळतात. त्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण ध्वनिक्षेपकावरून वाचलेली नावे वाऱ्यात नीट ऐकू येत नाहीत.

कुठे उभे राहावे

खरा विषय हा आहे. मोठ्या स्टेडियममध्ये आसनाचा क्रमांक आपली जागा ठरवतो, येथे जागा आपली आपण ठरवायची असते, आणि सामन्यात ती तीन-चार वेळा बदलताही येते. खेळपट्टीभोवती कमरेइतका कठडा असतो आणि त्याच्या बाहेरून चालायला फरसबंदी असते. बसायला एक छोटे छपरी स्टँड असते. तेथे पाठीला आधार मिळतो, पण पहिल्या सामन्याला बसू नये असे मी सांगेन. पूर्वार्धाची पहिली वीस मिनिटे मध्यरेषेजवळ कठड्याला टेकून उभे राहावे. तेथून दोन्ही संघांची रचना लक्षात येते. त्यानंतर हळूहळू कोपऱ्याच्या झेंड्याकडे सरकावे.

कोपऱ्यापाशी काय ऐकू येते ते प्रत्यक्ष गेल्याशिवाय पटत नाही. एका नोव्हेंबरात मी असाच उभा होतो. पाहुण्यांचा बचावपटू चेंडू घेऊन माझ्या दिशेने मागे वळला, त्याच्या श्वासाची वाफ दिव्याच्या झोतात दिसत होती, आणि गोलरक्षक मागून सलग ओरडत होता : "टाइम, टाइम… मॅन ऑन!" 'टाइम' म्हणजे तुझ्याकडे वेळ आहे, 'मॅन ऑन' म्हणजे प्रतिस्पर्धी अंगावर आला. पहिल्या दोन हाकांना बचावपटू निवांत होता, तिसऱ्या हाकेसरशी त्याने न पाहता चेंडू बाहेर मारला. तो कठड्यावर आपटून माझ्या पायाशी आला. मी तो उचलून दिला तेव्हा हाताला चिखल लागला आणि त्या मुलाने "चीअर्स, मेट" म्हणून चेंडू घेतला. दूरचित्रवाणीवर बचाव म्हणजे पायांचे काम वाटते. तो निम्मा तोंडाचा आणि कानांचा खेळ आहे हे मला त्या कोपऱ्यात समजले.

यानंतरची पायरी म्हणजे गोलच्या मागे जाणे. या पातळीवर दोन्ही संघांच्या पाठीराख्यांना बहुधा वेगळे ठेवलेले नसते. आपला संघ ज्या गोलवर चढाई करतो आहे त्याच्यामागे पाठीराखे उभे राहतात, आणि मध्यंतरात बाजू बदलल्या की झेंडे, ढोल, मुले, कुत्री यांसह सगळे मैदानाला वळसा घालून दुसऱ्या टोकाला जातात. वाटेत समोरून पाहुण्या संघाचे लोक येत असतात, दोन्ही बाजूंनी एखादे वाक्य टाकले जाते, कोणी हसते, आणि जागांची अदलाबदल होते. या वेळी त्यांच्याबरोबर चालावे. ज्याने कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा सामना पाहिला आहे, त्याला हे पाहून नवल वाटेल. तेथे गर्दी कितीतरी पट मोठी असते आणि पेठेची ईर्षाही तितकीच मोठी असते. पण तालमीचा संघ म्हणजे आपल्या गल्लीचा संघ, ही जी भावना कोल्हापूरकराच्या मनात असते तीच येथे तीनशे माणसांत आढळते, फक्त आवाज कमी असतो.

काही साधे संकेत पाळावेत. कठडा ओलांडून आत जाऊ नये. राखीव खेळाडूंच्या बाकासमोर उभे राहून दृश्य अडवू नये. छपराखाली एखाद्या वृद्ध गृहस्थांची वर्षानुवर्षांची ठरलेली जागा असू शकते, तेव्हा ते आल्यावर आपण सरकावे. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो काढू नयेत. शिव्या कानांवर पडतात, हे मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी आधीच गृहीत धरावे. मुलांसह गेल्यास गोलच्या मागे न जाता मध्यरेषेजवळ थांबणे बरे. मात्र वर्णावरून किंवा वंशावरून कोणी काही बोलल्यास ते मुकाट्याने ऐकून घेऊ नये. केशरी किंवा पिवळे जाकीट घातलेल्या स्वयंसेवकाला तेथेच सांगावे, क्लबांना अशा तक्रारीची दखल घ्यावीच लागते.

चहा, चिप्स आणि मध्यंतर

मध्यंतर पंधरा मिनिटांचे असते आणि चहाच्या खिडकीपाशी सगळे एकदम धावतात, म्हणून चाळिसाव्या मिनिटालाच रांग धरावी. चहा कागदी पेल्यात, पिशवीचा, बिनमसाल्याचा आणि कढत असतो. साखर आपण घालून घ्यायची. आपल्या चहाशी त्याची तुलना करू नये, थंडीत दोन्ही हातांनी धरायला तो उत्तम असतो. शाकाहारी मंडळींनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. 'बोव्हरिल' नावाचे जे गरम पेय तेथे पाटीवर दिसते ते गोमांसाच्या अर्काचे असते, रंगावरून ते काळ्या चहासारखे वाटून फसायला होते. आणि चिप्स कोणत्या तेलात तळल्या आहेत, त्याच तेलात मांस तळतात का, हे विचारायला संकोच करू नये. मी नेहमी विचारतो, आणि आजवर कोणी वाईट वाटून घेतलेले नाही. घरून डब्यात थालीपीठ नेले तरी या पातळीवर सहसा कोणी हरकत घेत नाही.

दारूविषयीचा नियमही माहीत असावा. वरच्या पाच पातळ्यांवरच्या क्लबांच्या सामन्यांत खेळपट्टी दिसेल अशा जागी मद्य पिण्यास १९८५ च्या कायद्याने बंदी आहे. त्याखाली ती बंदी लागू होत नाही, त्यामुळे लोक प्लास्टिकच्या पेल्यात बिअर घेऊन कठड्याशी उभे असतात. बाहेरून मद्य आणू देत नाहीत. न पिणाऱ्याकडे कोणी वेगळ्या नजरेने पाहत नाही. क्लबहाउसमध्ये उबेला बसावे आणि भिंतीवरची जुनी छायाचित्रे पाहावीत. रोजच्या खर्चाला हातभार लावण्यासाठी सोडतीची तिकिटे विकत कोणीतरी फिरत असते. जमलेल्या रकमेपैकी निम्मी विजेत्याला आणि निम्मी क्लबाला, अशी ती बहुधा असते. पौंडाचे एक तिकीट अवश्य घ्यावे. या क्लबांना दूरचित्रवाणीचे मोठे पैसे मिळत नाहीत. दारावरचे प्रवेशशुल्क, चहाची खिडकी, बार आणि ही सोडत यांवरच दिव्यांचे बिल भागते.

सामना संपताना

शिट्टी वाजल्याबरोबर निघू नये. खेळाडू कठड्यापाशी येऊन हात मिळवतात, मुलांशी बोलतात, आणि खेळ आवडला असेल तर आपणही तसे सांगावे. त्या दिवशी नोकरी करून खेळलेल्या माणसाला ते ऐकायला आवडते. पुढचा घरचा सामना कधी आहे हे पुस्तिकेच्या मागच्या पानावर असते.

लीगचा सामना साधारण ९.४० पर्यंत संपतो आणि परतीच्या गाड्या सहज मिळतात. मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एफए कप या देशव्यापी बाद स्पर्धेच्या पात्रता फेऱ्यांतले बरोबरीत सुटलेले सामने आठवड्यात रात्री पुन्हा खेळवले जातात, आणि तेथेही बरोबरी राहिली तर शेवटी पेनल्टीवर निकाल लागतो. अशा रात्री उशीर होऊ शकतो. त्या सामन्याला जाताना शेवटची बस आणि शेवटची लोकल यांच्या वेळा आधी पाहून ठेवाव्यात, म्हणजे पाचवी पेनल्टी चुकवून स्टेशनकडे धावावे लागणार नाही.